काकू, माहा नंबर कवा येते?

संक्रांत आटोपली की आमच्या गावात रविवारची सॉफ्टबॉल सुरू होते, म्हणजे बेसबॉलसारखाच खेळ, फक्त बॉल मोठा आणि खांद्याखालून टाकायचा, बॅटनं मारून तीन बेस फिरून परत होमला आलं की एक रन. कापसाची शेवटची वेचणी चालू असते, तुरी कापून खळ्यावर आलेल्या असतात, शाळेमागच्या मैदानातलं गवत वाळून पिवळं पडलेलं असतं, आणि सकाळी सात वाजता चार गावचे मिळून पन्नासेक पोट्टे-पोट्ट्या तिथे जमा होतात, कोणी सायकलवर ट्रिपल सीट, कोणी बापाच्या मोटरसायकलवर दुधाच्या कॅनला चिकटून. चांदूर रेल्वे तालुका, जिल्हा अमरावती. यंदा तिसरं वर्ष. परवा नियमांची वही काढून बसले, कारण दरवर्षी पहिल्या रविवारी कोणी ना कोणी पालक येऊन विचारतोच की ताई तुमचे नियम असे काहून, शाळेच्या स्पर्धेत तर असं नसते, आणि मी तिथे उन्हात उभी राहून अर्धं सांगते अर्धं राहून जातं. म्हणून यंदा लिहूनच टाकते.

आधी माझं सांगते. मी शाळेत सॉफ्टबॉल खेळले, माहेरी, दारव्ह्याकडे. खेळले म्हणजे टीममध्ये होते. नववी आणि दहावी दोन्ही वर्षं तालुका जिंकलो, जिल्ह्याला गेलो, एकदा विभागापर्यंत पोचलो, एसटीत बॅटींची पिशवी मांडीवर घेऊन मीच बसायचे. पाठीवर 14 नंबर होता. आणि दोन वर्षांत ती जर्सी एकदाही मळली नाही. शेवटच्या दिवशी घरी धुवायला टाकली तर आईनं उलटसुलट करून पाह्यली आणि म्हणाली, "हे तं कोरीच हाये गं." बॅट एकदाही हातात आली नाही, पाण्याच्या बाटल्या भरल्या, फाउल, म्हणजे रेषेबाहेर, गेलेले बॉल काट्याकुट्यातून शोधून आणले, घसा बसेपर्यंत ओरडले. सर्टिफिकेट मिळालं, ते अजून ट्रंकेत आहे. सर काही वाईट नव्हते, त्यांना जिंकायचं होतं, आणि शालेय स्पर्धेचं गणितच तसं असतं, एक मॅच हरली की बिस्तरा गुंडाळून घरी. त्यात दहावीला खेळाचे वाढीव गुण असतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे, गरिबाच्या पोराला तेवढाच आधार, म्हणून त्या स्पर्धांना वजन आहे हे मला मान्य आहे. पण रविवारी सकाळी गावच्या मैदानावर पोरं खेळायला येतात. तिथे ते गणित मला नको होतं.

तरी पहिल्या वर्षी आम्ही नेमकं तेच केलं. नऊ चांगले निवडले, बाकीचे कडेला. तिसऱ्या रविवारी अकरा वर्षांची एक पोरगी माझ्याजवळ आली, हातात ग्लोव्ह नव्हता, चप्पल काढून दोन्ही चपला हातात धरल्या होत्या, म्हणाली, "काकू, माहा नंबर कवा येते?" मी म्हटलं येईल हं बेटा. आणि म्हणता म्हणताच मला कळलं की हे वाक्य मी ऐकलेलं आहे, मला असंच सांगितलं होतं दोन वर्षं. त्या रात्री झोप आली नाही.

मग मोबाईलवर शोधत बसले की जगात जिथे लहान पोरांच्या अशा लीग चालतात तिथे काय करतात. अमेरिकेत लिटिल लीग म्हणून आहे, 1939 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या विल्यम्सपोर्टला कार्ल स्टॉट्झ नावाच्या माणसानं सुरू केली, आज जगभर पसरलेली आहे. त्यांच्या नियमात मला पाहिजे होती तीच गोष्ट सापडली, की नेहमीच्या सीझनमध्ये टीममधल्या प्रत्येक पोराला एका मॅचमध्ये किमान 6 आऊट होईपर्यंत फिल्डिंग आणि किमान एकदा बॅटिंग मिळालीच पाहिजे. कोचच्या मनावर नाही, तो नियमच आहे, नाही पाळला तर कोचवर कारवाई होऊ शकते. मी ते वाचलं आणि मोबाईल उशाशी ठेवून बराच वेळ नुसती आढ्याकडे बघत पडले. म्हणजे कोणीतरी याचा विचार करून ठेवलाय. नाही तर मला वाटायचं की मीच जरा जास्त मनाला लावून घेते.

तर आमच्या वहीतला पहिला नियम हाच. टीममध्ये जेवढे पोट्टे हजर तेवढे सगळे बॅटिंगच्या यादीत, नऊ असो की तेरा, यादी फिरत राहते, आणि आधीची मॅच जिथे थांबली त्याच्या पुढच्या नावापासून पुढची मॅच सुरू. फिल्डिंगला नऊच उभे राहतात पण लागोपाठ दोन इनिंग (एक इनिंग म्हणजे दोन्ही टीमची बॅटिंगची एकेक पाळी, तीन आऊटची) कोणीही बाहेर बसायचं नाही. आणि तिसरी गोष्ट, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, प्रत्येकानं मॅचमध्ये एक इनिंग तरी इनफिल्डमध्ये, म्हणजे बेसजवळच्या जागी, खेळायची. कारण नाही तर कोच लोक कमजोर पोराला राइट फिल्डला, दूर उजव्या कोपऱ्यात, नेऊन उभं करतात, तिकडे तासभर बॉल जात नाही, पोरगं माती उकरत बसतं, आणि कागदावर मात्र खेळलं असं दिसतं. तेही बाहेर बसवल्यासारखंच झालं ना.

यावर शेजारच्या गावचे एक जुने पीटीचे सर, आता रिटायर झालेत, माझ्यावर नाराज आहेत. ते लय मोठे खेळाडू घडवलेले माणूस, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर आहे. ते म्हणाले, "बाई, सगळ्यांना सारखं खेळवाल तर चांगला खेळाडू तयार कसा होईल? चांगल्याला जास्त वेळ भेटला पायजे." मी म्हटलं सर, तुमच्या जिल्ह्याच्या टीमसाठी तुमचं बरोबर आहे. पण अकराव्या वर्षी कोण चांगलं हे ठरवणारे आपण कोण? ज्याची उंची लवकर वाढली तो बाराव्या वर्षी सगळ्यांच्या डोक्यावरून मारतो आणि पंधराव्या वर्षी बाकीचे त्याच्याएवढे होतात. तोपर्यंत ज्यांना आपण बसवून ठेवलं ते मैदान सोडून गेलेले असतात, कोणी पानठेल्यावर, कोणी मोबाईलमध्ये. सरांना पटलं नाही. पण ते दर रविवारी येतात आणि अंपायरिंग करतात, हे मी विसरणार नाही.

दुसरा मोठा तंटा टीमवरून झाला होता. सुरुवातीला गाववार टीम होत्या आणि तीच चूक होती. गावाची टीम म्हटलं की गावाची इज्जत आली, मोठी माणसं आली, शंभर-शंभर रुपये लावणं आलं, एका रविवारी तर दोन गावचे काके लोक एका फाउलवरून एकमेकांच्या अंगावर गेले आणि लहान पोरं बॅटी घेऊन मधात उभी, त्यांना कळेना आपण काय केलं. तेव्हापासून टीम चिठ्ठीनं. पण सरळ चिठ्ठी नाही, आधी एक रविवार सगळ्यांना दहा बॉल मारायला, दहा झेलायला, एकदा पळायला लावतो, त्यावरून तीन ढिगाऱ्या करतो, आणि प्रत्येक ढिगारीतून चिठ्ठ्या काढून चार टीममध्ये वाटतो. म्हणजे चारही टीममध्ये जबरा खेळणारे पण आले, नवखे पण आले, आणि चारही गावचे आले. भाऊ-बहीण एका टीममध्ये ठेवतो, कारण त्यांना एकाच सायकलवर यायचं असतं. टीमची नावं रंगावरून. पैसे लावताना कोणी दिसला तर मॅच तिथेच बंद, हे सरपंचांच्या तोंडून सांगितलं त्यामुळे ते टिकलं.

मैदान आखण्याचं काम माझ्या सासऱ्यांचं. मामाजी पंच्याहत्तरीचे आहेत, सॉफ्टबॉल त्यांनी आयुष्यात पाह्यली नव्हती, पण मी त्यांना सांगितलं की होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभा राहतो तिथून, फर्स्ट बेस 60 फूट, तिथून सेकंड 60, थर्ड 60, परत होम 60, चौकोन पण कोपऱ्यावर उभा. त्यांनी विचारलं आडवं किती. मी म्हटलं होमपासून सेकंड 84 फूट सव्वादहा इंच. झालं, त्यांनी पऱ्हाटी टोबायची दोरी आणली, तिला 60 वर एक गाठ, 120 वर एक गाठ, आणि दुसऱ्या दोरीला 84 च्या पुढे बोटानं मोजून एक गाठ. एक खुंटी होमला, एक सेकंडला, आणि मधली गाठ धरून दोरी ताणत ताणत ते उजवीकडे चालत गेले, जिथे दोन्ही बाजू ताठ झाल्या तिथे टाच रोवली आणि म्हणाले, "हा तुहा फर्स्ट." मग डावीकडे तेच. गुण्या नाही, टेप नाही, आणि कोपरा काटकोनात. मग वर फक्की. दर शनिवारी संध्याकाळी ते एकटेच जाऊन फक्की मारून येतात, आणि ढोरं रेषेवरून गेली की चिडतात.

बेस म्हणजे युरियाची रिकामी पोती, 15 इंचाच्या चौकोनात शिवून आत वाळलेलं गवत आणि थोडी रेती. पिचिंगचं, म्हणजे बॅटरला बॉल टाकायचं, अंतर मात्र वयावर ठेवलंय. मोठ्या बायांच्या सॉफ्टबॉलमध्ये 43 फूट असतं, आमच्या बारा वर्षांखालच्यांना 35 फूट, त्याच्या वरच्यांना 40. आठ-नऊ वर्षांच्या बारक्यांना पिचर नाहीच, त्यांच्यासाठी टी आहे, म्हणजे पीव्हीसी पाइपचा कमरेएवढा तुकडा डब्यात सिमेंट भरून उभा केला, वरच्या तोंडाला मोटरसायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्यावर बॉल ठेवायचा आणि मारायचा. लहान पोराला हलता बॉल लागला नाही की दोन रविवारात ते म्हणतं मले जमत नाही. उभ्या बॉलला बॅट लागली आणि बॉल घरंगळत पिचरच्या रेषेपलीकडे गेला की त्याच्या तोंडावरचा आनंद बघा तुम्ही, मग पुढच्या वर्षी ते हलत्या बॉलला घाबरत नाही.

आता आमच्या पोरांना शिकवताना एक अडचण येते ती क्रिकेटची. सगळे जन्मापासून क्रिकेट खेळलेले. बॅट हातात आली की खाली टेकवून उभे राहतात, बॉल अडवतात, आणि मारला की बॅट घेऊनच पळतात, काही तर बेसला बॅट टेकवतात! बॅट टाकून पळ म्हटलं तर ती अशी भिरकावतात की मागे बसून बॉल झेलणाऱ्या कॅचरच्या गुडघ्यावर. पहिल्या वर्षी दोनदा झालं तसं. म्हणून नियम केला, बॅट हातातून फेकली तर पहिल्या वेळी ताकीद, त्याच मॅचमध्ये दुसऱ्या वेळी आऊट. आणि होमच्या बाजूला फक्कीचा एक गोल काढून ठेवलाय, पळायच्या आधी त्या गोलात बॅट टाकायची. सवय लागायला तीन रविवार गेले पण लागली.

हेल्मेटचं पण सांगते कारण पैसे तिथेच लागतात. आमच्याकडे चार हेल्मेट आहेत. चार का, तर एक बॅटरचं आणि तिन्ही बेसवर रनर असले तर त्यांची तीन. त्यापेक्षा कमीत चालूच शकत नाही, हेल्मेटशिवाय कोणी बॅटिंग नाही, कोणी बेसवर नाही, यात सूट नाही. आणि चारात भागतं याचं कारण आम्ही पुढच्या बॅटरला बाहेर उभं राहून बॅट फिरवू देत नाही. हा पण लिटिल लीगच्या लहान गटांचा नियम आहे. मोठ्या मॅचमध्ये पुढचा खेळाडू गोलात उभा राहून बॅट फिरवत असतो ते छान दिसतं, पण लहान पोरांच्या मैदानात कोण कुठून पळत येईल सांगता येत नाही, आणि फिरत्या बॅटसमोर पोराचं तोंड आलं तर काय होईल याचा विचारही नको. बॅट हातात फक्त एकाच्या, जो प्लेटवर उभा आहे त्याच्या.

डोकं पुढे करून स्लाइड मारायला, म्हणजे घसरत बेस गाठायला, पण बंदी. आमची काळी माती फेब्रुवारीत दगड होते, बोट जाईल एवढ्या भेगा पडतात. टीव्हीवर पाहून पोरं उडी मारायला बघतात, मी शिट्टी मारून सरळ आऊट देते. चोरून बेस घेणं, म्हणजे बॉल मारलेला नसताना पुढच्या बेसवर पळणं, बारा वर्षांखाली बंद, आणि पिचरच्या हातून बॉल सुटायच्या आधी बेस सोडायचा नाही, तो तर सॉफ्टबॉलचा मूळचाच नियम आहे.

रनांची मर्यादा कशी आली तेही ऐका. पहिल्या वर्षी एक मॅच 31 विरुद्ध 2 झाली. एकाच इनिंगमध्ये 17 रन झाले, तीन आऊट काही केल्या होईनात, ऊन चढलं, पिचर पोरगी रडायला लागली पण रडत रडत टाकत होती, आणि आउटफिल्डमधले दोघं सरळ खाली बसले. त्यांना उठा म्हणायची माझी हिंमत झाली नाही. आता एका इनिंगमध्ये एका टीमचे 5 रन झाले की बाजू बदलायची, तीन आऊट झाले नसले तरी. मोठ्यांच्या आंतरराष्ट्रीय सॉफ्टबॉलमध्ये सुद्धा 5 इनिंगनंतर 7 रनांचा फरक असला की मॅच संपवतात, मग आपल्या पोरांना काहून ताणायचं. मॅच मूळची 7 इनिंगची, आम्ही 5 ठेवली, आणि दीड तास झाला की नवी इनिंग सुरू करायची नाही, कारण साडेनऊनंतर मार्चमध्ये मैदानात उभं राहवत नाही. दर इनिंगला पाणी, कॅचरला तर मास्क काढून चेहरा धुवायला लावतो, मग खेळ पुढे.

मोठी पोरं, चौदा ते सोळाची, त्यांना बेसबॉल पाहिजे होता. बेसबॉलचा बॉल छोटा, नऊ ते सव्वानऊ इंच घेर, आणि तो खांद्यावरून जोरात टाकायचा असतो. इथे मी लय कडक आहे. वाढत्या वयात हाडाच्या टोकाशी मऊ कूर्चा असते, कोपरावर तोच झटका पुन्हा पुन्हा बसला की तिथेच दुखापत होते, आणि पोरगं सांगत नाही, कारण सांगितलं तर पिचिंग जाईल. लिटिल लीगनं 2007 पासून इनिंगऐवजी बॉल मोजायला सुरुवात केली, 9-10 वर्षांना दिवसाला 75, 11-12 ला 85, 13 ते 16 ला 95 पिच, आणि चौदा वर्षांपर्यंत 66 किंवा जास्त टाकले तर चार दिवस हात आराम. आणखी एक बारीक गोष्ट त्यांनी धरलीये जी माझ्या डोक्यात कधीच आली नसती, ज्यानं 41 किंवा जास्त पिच टाकले त्यानं त्या दिवशी नंतर कॅचर व्हायचं नाही, कारण कॅचर पण प्रत्येक बॉल परत फेकतोच की. आम्ही आणखी खाली आणलं, कोणीही असो दिवसाला 60. कारण आमचा पोट्टा शनिवारी दिवसभर वावरात कापसाची गाठोडी उचलून आलेला असतो, त्याचा हात आधीच थकलेला आहे, ते कुठल्या तक्त्यात येत नाही.

मोजायला मशीन नाही. अंपायर सरांच्या उजव्या खिशात 60 तुरीचे दाणे असतात, एक पिच झाला की एक दाणा डाव्या खिशात. उजवा खिसा रिकामा झाला की सर हात वर करतात, समोरच्या बॅटरचं होईपर्यंत टाकू देतात, आणि पिचर बदलतो. मागच्या वर्षी एका पोराचे वडील ओरडले, एक बॅटर राह्यला टाकू द्या ना. सरांनी खिसा बाहेर काढून उलटा करून दाखवला. बोलले काहीच नाही. माझ्याशी नाराज असलेले तेच सर.

पालकांचं म्हणाल तर त्यांची जागा कडुनिंबाखाली, थर्ड बेसच्या रेषेपासून वीस पावलं मागे. टाळ्या वाजवा, दोन्ही टीमसाठी वाजवा, पण पोराला तिथून शिकवायचं नाही आणि अंपायरला बोलायचं नाही. एका पोराची बॅट चुकली की तो आधी बॉलकडे नाही, कडुनिंबाकडे बघायचा, बाप काय म्हणतो म्हणून. दर बॉलला. मी त्याच्या वडिलांना बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की दादा, तो कोणाकडे बघते ते एकदा पाहा. पुढच्या रविवारी ते गड्ड्याजवळच्या बांधावर जाऊन बसले, पोराला दिसणार नाही असे. दोनेक मॅचनंतर पोरानं चेंडूकडे बघून बॅट फिरवली.

विजेचा नियम मात्र कोणालाच समजावून सांगावा लागला नाही. आमच्याकडे वीज पडून वावरात माणसं गेलेली सगळ्यांनी पाह्यली आहेत, फेब्रुवारी-मार्चमधला अवकाळी पाऊस अन् गारपीट तर ठरलेलीच. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, सगळे शाळेच्या खोलीत, झाडाखाली कोणी थांबायचं नाही, आणि शेवटच्या गडगडाटानंतर पूर्ण 30 मिनिटं बाहेर यायचं नाही, मधात पुन्हा वाजलं तर पुन्हा पहिल्यापासून 30. विजेचा इशारा देणारं दामिनी ॲप माझ्या आणि भाऊजींच्या दोघांच्याही मोबाईलमध्ये आहे.

पोरी-पोरं एकत्र खेळतात यावरून पण सुरुवातीला कुजबुज झाली. चौदापर्यंत एकत्रच ठेवलंय मी, आणि ठेवणार. त्या लिटिल लीगमध्ये सुद्धा कैक वर्षं पोरींना बंदीच होती. न्यू जर्सीत होबोकेन म्हणून गाव आहे, तिथे 1972 मध्ये मारिया पेपे नावाची पोरगी तीन मॅच पिचिंग करून गेली आणि वरून दबाव आला म्हणून तिला टीम सोडावी लागली. प्रकरण कायद्यात गेलं, निकाल पोरींच्या बाजूनं लागला, आणि 1974 मध्ये दारं उघडली. तोपर्यंत तिचं वय निघून गेलं होतं, तिला स्वतःला परत खेळता आलं नाही. हे मी पोरींना सांगितलं तेव्हा एकीनं विचारलं, "मंग तिले काय भेटलं?" मला उत्तर देता आलं नाही. अजूनही त्यावर विचार करते.

आता त्या चपला हातात धरलेल्या पोरीचं. ती डावखुरी आहे. आमचे नऊच्या नऊ ग्लोव्ह डाव्या हातात घालायचे, म्हणजे उजव्या हातानं फेकणाऱ्यांचे. म्हणून पहिल्या वर्षी तिला कोणी घेत नव्हतं, मला ते फार उशिरा लक्षात आलं. ती काय करायची, ग्लोव्ह डाव्या हातात घालून झेलायची, मग ग्लोव्ह उजव्या काखेत दाबून हात ओढून काढायची, बॉल त्याच डाव्या हातात घ्यायची आणि फेकायची. पुन्हा घालायची. दर बॉलला. कोणी शिकवलं नव्हतं, तिनंच काढलेली युक्ती. पण तेवढ्यात रनर पुढे जायचा आणि बाकीचे पोट्टे चिडायचे.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकानं एक इनिंग इनफिल्डमध्ये हा नियम आला तेव्हा तिच्या टीमनं तिला फर्स्ट बेसला टाकलं, कारण त्यांच्या मते तिथे फेकायचं काम कमी. आणि ती तिथे अशी रुजली की बस. फर्स्टला बहुतेक वेळा फक्त झेलायचं आणि पाय बेसवर ठेवायचा, रनर पोचायच्या आधी बॉल आला की आऊट, हात लावायची पण गरज नाही. ती उजवा पाय बेसला चिकटवून डावा पाय एवढा लांब टाकते की जवळजवळ जमिनीला टेकते, आणि ग्लोव्ह पुढे.

तिच्याच काळजीनं मी डबल बेस आणला. त्याच्या आधीच्या वर्षी फर्स्टवर रनर आणि फिल्डर दोघं एकाच पोत्यावर येऊन धडकले होते, एका पोराच्या हनुवटीला 3 टाके पडले. सॉफ्टबॉलच्या नियमात फर्स्टला दोन बेस जोडून असतात, आतला पांढरा फिल्डरचा, बाहेरचा केशरी रनरचा, म्हणजे दोघांचे पाय वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. आम्ही एक पोतं मंदिराच्या दाराच्या उरलेल्या रंगानं केशरी केलं आणि पांढऱ्याला शिवून टाकलं. त्यानंतर फर्स्टवर एकदाही धडक झाली नाही. शिवाय ज्याच्या हातात बॉल नाही त्यानं रनरच्या वाटेत उभं राहायचं नाही, उभा राह्यला तर रनरला बेस फुकट.

मागच्या सीझनच्या शेवटच्या मॅचमध्ये शेवटची इनिंग, दोन आऊट नाही, एकच झालेला, थर्डवर रनर, आणि बॉल शॉर्टस्टॉपकडून, म्हणजे सेकंड आणि थर्डच्या मधल्या फिल्डरकडून, फर्स्टला आला. तिनं पाय लांबवला, बॉल ग्लोव्हच्या टोकात अडकला, फर्स्टवरचा आऊट. तेवढ्यात थर्डवरचा होमकडे पळाला. तिनं ग्लोव्ह काखेत दाबला, हात ओढला, ग्लोव्ह अर्ध्यात अडकला, बॉल मातीत पडला. रन गेला, मॅच गेली. मी धावत तिच्याजवळ गेले तर ती रडत नव्हती, बॉल पुसत होती, म्हणाली, "काकू, मी ग्लोव्ह काढेलोक थो होमले पोचला. नाई तं मी त्याले पकडलाच असता." आणि मला खात्री आहे की पकडलाच असता.

तर यंदा वहीत एक ओळ वाढवली आहे, सामान पोरांच्या हाताप्रमाणे, पोरं सामानाप्रमाणे नाही. लिहायला लिहिली पण ग्लोव्ह अजून मिळाला नाही. अमरावतीला दोन दुकानांत विचारून आले, एकानं मागवून देतो म्हटलं, किती दिवस लागतील सांगितलं नाही. उजव्या हातात घालायचा पाहिजे, साडेअकरा इंची असला तर उत्तम, जुना असला तरी चालेल, दोरी तुटली असेल तर आमचे चांभार काका शिवून देतात. कोणाच्या घरी माळ्यावर पडला असेल तर सांगा. ती आता तेरा वर्षांची आहे आणि पहिला रविवार जवळ आलाय.